दोघांसाठी बेटावरचं रिसॉर्ट : उंची हवं, पण खिशाला झेपणारं. कसं निवडायचं?

ठाणेकर७
नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लग्नाचा दहावा वाढदिवस आहे. दोघंच जाणार, चार रात्री. रिसॉर्ट जरा उंची हवं, खोलीतून थेट वाळूत उतरता यावं. मुंबईहून फार बदलाबदली नको. विमानाचं भाडं सोडून सव्वादोन लाखांपर्यंत तयारी आहे. मला स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत पाण्यातले मासे बघणं) करायचंय, बायकोला पोहता येत नाही. दोघंही शाकाहारी, दारू नाही. मालदीवची रिसॉर्टं रात्रीला ३०० डॉलरपासून दिसतात. म्हणजे चार रात्रींचे १२००, आरामात बसतंय. की काही राहतंय माझ्या हिशेबात?

मुलुंड_फास्ट
निम्म्याहून जास्त राहतंय. साइटवरचा पहिला आकडा बहुतेक वेळा करांशिवायचा असतो. १२०० वर १० टक्के सर्व्हिस चार्ज धरा, झाले १३२०. त्यावर १७ टक्के पर्यटन जीएसटी (जुलै २०२५ पासूनचा दर, आणि तो सर्व्हिस चार्जवरही लागतो), झाले १५४४. रिसॉर्टचा ग्रीन टॅक्स माणशी रात्रीला १२ डॉलर, म्हणजे दोघांचे चार रात्रींचे ९६. आता खरी मेख : बेट लांबच्या अटॉलमध्ये (प्रवाळी बेटांच्या कड्यात) असेल तर सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान. जाऊन-येऊन माणशी साधारण ४०० ते ६०० डॉलर. मधला आकडा धरला तर दोघांचे १०००. एकूण २६४०, आणि यात जेवण अजून आलेलंच नाही.

आता उलट बाजूने बघा. माले विमानतळापासून स्पीडबोटने गाठता येणारं, नॉर्थ किंवा साउथ माले अटॉलमधलं बेट घ्या. खोली ४०० ची, पण नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. १६०० चे करांसकट २०५९, अधिक ९६, अधिक बोटीचे माणशी दीडशे धरून ३००. एकूण २४५५. दिसायला महाग खोली, पण जेवूनखाऊन स्वस्त. डॉलरच्या भावाप्रमाणे सव्वादोन लाखांच्या आसपास हेच बसवता येईल. म्हणून रिसॉर्टं बघताना ‘दोघांचे, चार रात्रींचे, बोटीसकट, करांसकट’ हा एकच आकडा मागा आणि त्याचीच तुलना करा.

सीप्लेनचं आणखी एक. ती फक्त उजेडात उडते. दुपारी साधारण साडेतीनच्या आत मालेत उतरला नाहीत तर ती रात्र विमानतळाजवळच्या हुळूमालेच्या हॉटेलात, स्वतःच्या खर्चाने, आणि रिसॉर्टची पहिली रात्र मात्र भरलेलीच. सामानही माणशी २० किलो आणि हातात ५. त्यामुळे मुंबईहून सकाळचं विमान मिळत नसेल तर सीप्लेनचा विचारच नको.

भरती_ओहोटी
पैशांचं वर आलंच आहे, मी पाण्याबद्दल सांगते. रिसॉर्टच्या साइटवरचे फोटो बाजूला ठेवा आणि नकाशात बेटाचं उपग्रहचित्र उघडा. किनाऱ्यालगत फिकट निळा पट्टा असतो, तो लगून : उथळ, तळाला वाळू. तो पट्टा संपून पाणी एकदम गडद होतं, ती प्रवाळाची कड. तुम्हाला मासे तिथेच दिसणार. कड किनाऱ्यापासून तीस-चाळीस मीटरवर असेल तर स्नॉर्केल लावून रोज फुकट जाता येतं. ती अर्धा किलोमीटर लांब असेल तर प्रत्येक वेळी बोटीच्या सहलीचे पैसे. पण ज्याला पोहता येत नाही त्याला रुंद लगूनच बरा, कारण कडेजवळ ओढ असते आणि खोली झपकन वाढते.

तुम्हा दोघांना दोन्ही हवंय. तेव्हा एका बाजूला लगून आणि दुसऱ्या बाजूला जवळ आलेली कड, असं बेट शोधा. अशी बेटं आहेत, आणि वरून बघितलं की लगेच कळतात.

वॉटर व्हिलाचा मोह सगळ्यांनाच होतो. पण तुम्हाला दारातून वाळू हवी आहे, तर बीच व्हिलाच घ्या. ती बहुधा स्वस्तही असते. फारच वाटलं तर तीन रात्री बीच आणि शेवटची एक पाण्यावर. मात्र त्या दिवशी जुनी खोली सोडायची वेळ आणि नवी मिळायची वेळ यांत दोन-तीन तास बॅगा रिसेप्शनला पडून राहतात.

वाळूही जागा बदलते. पावसाळी वारे एका बाजूची वाळू दुसऱ्या बाजूला नेतात, म्हणून एप्रिलच्या फोटोतला रुंद किनारा नोव्हेंबरात असेलच असं नाही. पाहुण्यांनी टाकलेले फोटो तारखेने लावून नोव्हेंबर-डिसेंबरचेच बघा. किनाऱ्यावर वाळूच्या गोण्यांची रांग दिसली तर तिथली वाळू वाहून जातेय असं समजा आणि त्या बाजूची खोली टाळा.

ठाणेकर७
डोळे उघडले. अंदमानात पासपोर्टाची कटकट नाही म्हणून विचारतो, ते कसं राहील? आणि एजंट म्हणतोय की ऑल इन्क्लुसिव्हच (जेवण, पेयं सगळं धरून) घ्या.

पार्लेकर_पाहुणा
अंदमानाला नोव्हेंबर जरा जोखमीचा. परतीचा पाऊस असतो, बंगालच्या उपसागरातली वादळंही याच सुमारास येतात. फेरी रद्द झाली की श्रीविजयपुरम, म्हणजे पोर्ट ब्लेअर, ते स्वराजद्वीप (जुनं हॅवलॉक) हा पुढचा सगळा बेतच कोलमडतो. जायचंच तर जानेवारी ते एप्रिल, आणि शेवटची रात्र फेरीने परत येऊन पोर्ट ब्लेअरलाच काढा. विमानाच्या दिवशी सकाळच्या फेरीवर भरवसा ठेवू नका.

स्वराजद्वीपात राधानगरचा किनारा पोहायला उत्तम, पण थेट तिथली रिसॉर्टं मोजकीच आणि महाग. बरीचशी विजयनगरच्या बाजूला आहेत. तिथे ओहोटीला पाणी इतकं आत जातं की खडकांतून चालत बसावं लागतं. भरतीचं वेळापत्रक बघूनच पाण्यात जायचं. कराचं सोपं आहे : रात्रीला ७५०० रुपयांपर्यंत खोलीवर ५ टक्के जीएसटी, त्यापुढे १८.

तुमच्या तारखांना मॉरिशसही बघा. मुंबईहून थेट विमान, सहा तासांच्या आसपास, भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. विमान महाग, पण उतरल्यावर बोट-सीप्लेनचा खर्च नाही, टॅक्सीने रिसॉर्ट. शाकाहाराची अडचण नाही, मराठी मुळाची जुनी वस्तीही आहे तिथे. फक्त जून ते सप्टेंबर पूर्व किनारा टाळायचा, आग्नेयेचा वारा झोडपतो. तेव्हा पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाक किंवा उत्तरेला त्रू-ओ-बिश बरं. नोव्हेंबरात हा प्रश्न नाही.

मुलुंड_फास्ट
दारू नाही तर ऑल इन्क्लुसिव्ह कशाला? त्यातला मोठा वाटा दारूचाच असतो. हाफ बोर्ड (नाश्ता आणि रात्रीचं जेवण) घ्या, नाश्ता उशिरा आणि पोटभर करा. पण बेटावर दुसरं हॉटेल नसतं, तेव्हा दुपारच्या जेवणाचे दर आणि पिण्याचं पाणी फुकट की बाटलीमागे पैसे, हे आधी विचारा. फुल बोर्डातही (तिन्ही वेळचं जेवण धरून) काही ठिकाणी पाण्याचे वेगळे लावतात. मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधून कुणासाठी बाटली घेतलीत तर ती मालेच्या कस्टम्समध्ये अडकेल.

शाकाहाराचं मेलवरच लेखी घ्या. नुसतं ‘व्हेज आहे’ नको. रोज डाळ-भात-पोळीसारखं काही असतं का, तेही विचारा. कांदा-लसूण नको असेल तर आधी सांगितलेलं बरं.

तारखा २० डिसेंबरच्या पुढे ढकलू नका. दर चढतातच, शिवाय २४ आणि ३१ च्या रात्रीच्या सक्तीच्या जेवणाचे वेगळे पैसे बिलात येतात.

निघण्याआधीच्या ९६ तासांत मालदीवचा ‘इमुगा’ हा प्रवाशाच्या माहितीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा. तो फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. परत येताना पुन्हा एकदा भरायचा.