"० तक्रारी" म्हणजे लस सुरक्षित असं धरायचं का?

चौकस_मावशी: गरीब देशांत लाखो बाळांना नवी लस देतात तिथे नंतर कोणाला काही झालं तर कळतं कसं? परवा एका मोहिमेचा तक्ता बघत होते, ओळीने कितीतरी जिल्ह्यांपुढे तक्रारी ०. मला हायसं वाटायच्या ऐवजी धास्तीच वाटली. आणि ट्रायल झालेली असते ना आधी, मग परत नजर कशाला ठेवायची?

औषधवाला: धास्ती बरोबर आहे तुमची. लाखभर बाळांना टोचलं की कोणाला ताप कोणाला गाठ कोणाला पुरळ येणारच, जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळाच आहे की वर्षाला दर १ लाख बाळांमागे निदान १० रिपोर्ट यायला हवेत, त्याहून कमी आले तर कोणी बघतच नाहीये. ट्रायलचं म्हणाल तर रोटाशील्ड ही रोटाव्हायरस या विषाणूने होणाऱ्या जुलाबावरची लस १९९८ ला अमेरिकेत आली आणि १९९९ ला परत घेतली, कारण साधारण १० हजारात एका बाळाचं आतडं आतड्यात अडकत होतं. एवढी क्वचित गोष्ट काही हजारांच्या ट्रायलमध्ये नीट दिसतच नाही. पुढच्या रोटा लशींच्या ट्रायली म्हणून तर ६० हजारांवर बाळांच्या केल्या.

सुई_दोरा: मी लस टोचते, बरीच वर्षं झाली. शून्य कसं येतं ते सांगते. एका बाळाला तापात झटका आला, मी इमानदारीत फॉर्म भरला, तर वरून पहिला प्रश्न आला "तुमचं काय चुकलं?" बाळ दोन दिवसात बरं झालं पण आमच्यातल्या बाकीच्यांनी धडा घेतला, फॉर्म नकोच. आणि भरायला बसलं तरी लॉट नंबर हवा, म्हणजे लस कुठल्या खेपेतली ते, तो कुपीवर, आणि बर्फाच्या पाण्यात लेबल भिजून सुटलेलं, कुपी कचऱ्यात गेलेली.

समुद्रपक्षी: आणि चूक खरंच झाली तरी ती लपवून नाही तर उघडी करूनच भागतं. सामोआ या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशात २०१८ मध्ये गोवराच्या लसीच्या भुकटीत पाण्याऐवजी स्नायू सैल करणारं औषध मिसळलं गेलं आणि दोन बाळं गेली. लसीत दोष नव्हता, पण लसीकरण कित्येक महिने बंद, लोकांचा विश्वास उडाला आणि २०१९ च्या गोवराच्या साथीत ८३ जण गेले, बहुतेक लहान मुलं. हे वाचलं की अजून पोटात कालवतं.

चौकस_मावशी: बापरे. पण ताई, बाळं एरवीही आजारी पडतातच, मग लसीमुळेच झालं हे ओळखायचं कसं?

औषधवाला: त्याच बाळाची त्याच्याशीच तुलना करून. आफ्रिकेतल्या ७ देशांत रोटाव्हायरस लसीसाठी असंच केलं, आतडं अडकलेली बाळं दवाखान्यात आली की बघायचं, डोसनंतरच्या पहिल्या काही दिवसांत जास्त घडलंय का बाकीच्या दिवसांत. २०१८ मध्ये निकाल आला, धोका वाढलेला दिसला नाही. सगळी मदार मात्र डोसच्या तारखेवर, कार्डावर तीच नसेल तर काही करता येत नाही.

सुई_दोरा: तारीख मी कार्डावर आणि रजिस्टरमध्ये दोन्हीकडे लिहिते, आया कार्ड हरवतात म्हणून. आता लॉट नंबरही कुपी उघडायच्या आधीच उतरवून घेते.