परड्यात आपोआप उगवलेली भाजी: तुमच्याकडे काय काय आलं?

मृगाचा पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत परड्यात कोंब दिसायला लागतात. मोरीच्या पाण्यावर टोमॅटो, उकिरड्यावर भोपळा, कुंपणाला मायाळू. यातलं आपण काहीच लावलेलं नसतं. गणपतीच्या आधी खुरपं घेऊन सगळं सरसकट साफ केलं जातं आणि त्यात चांगली चांगली रोपं जातात, याचं मला फार वाईट वाटतं. चार पानं फुटेपर्यंत तरी थांबा, रोप ओळखा, मग काय ते ठरवा. तुमच्याकडे काय उगवलं, बी कुठून आलं असेल, चव कशी होती, सविस्तर लिहा.

सुरुवात माझ्यापासून. घर कोल्हापुरात, रंकाळ्याजवळ. टोमॅटोच्या बीभोवती जो बुळबुळीत गर असतो, तो फळात असेपर्यंत बीला रुजू देत नाही. ओल्या मातीत गर कुजला की बी मोकळं होतं. म्हणून खरकटं पाणी पडतं तिथं टोमॅटो हमखास येतो. बाजारातले बहुतेक टोमॅटो संकरित, त्यामुळं त्यांच्या बियांपासून तसंच फळ येईल असं नाही. आमच्याकडे सुपारीपेक्षा जरा मोठे, पातळ सालीचे आणि चांगले आंबट आले. सार करायला ते इतके छान लागतात की विकतचे नकोसे होतात.

कळंबा:
आमचा भोपळा शेणखताच्या खड्ड्यातला. सासूबाई चिरलेल्या भोपळ्याचा मगज तिथंच टाकतात. वेल बघता बघता न्हाणीघराच्या पत्र्यावर गेला. फुलं ढीगभर आली आणि गळून गेली. शेजारच्या काकू म्हणाल्या, वांझ वेल हाय, काढून टाका. सासूबाईंनी हात लावू दिला नाही. पहिली फुलं नर असतात, ती गळणारच. पुढं लांब देठाच्या फुलांमधून एखादं आखूड देठाचं दिसायला लागलं, पाकळ्यांखाली गोटीएवढा भोपळा घेऊनच आलेलं. ते मादी फूल. पण तेव्हा पावसाची झड लागलेली, मधमाशी फिरकत नव्हती, म्हणून परागीकरण आम्हीच हातानं केलं. फुलं पहाटे उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात, त्यामुळं हे काम सकाळीच करावं लागतं. नर फुलाच्या पाकळ्या काढायच्या, मधला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचा. परागकण बोटाला लागतात, हळदीसारखे. ज्या फुलांना असं केलं त्यातली बरीचशी धरली. राहिलेल्या नर फुलांची भजी केली आणि दसऱ्याला घरच्या भोपळ्याचे घारगे, गूळ अर्थातच आपला कोल्हापुरी.

शुक्रवार पेठ:
आमच्याकडे परडं नाही, गच्चीवर कुंड्या आहेत. जास्वंदीच्या कुंडीत मिरची आली. बुलबुलांची कृपा. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही, ते पिकलेली मिरची आरामात खातात आणि बी विष्ठेतून टाकतात. मिरच्या बारीक पण जहाल. खरड्याला दोन पुरतात.

प्रयाग चिखली:
2019 च्या महापुरानंतर अंगणात गाळ साचला होता. घर धुऊन काढायच्या गडबडीत तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. गाळ वाळून भेगा पडल्या आणि त्या भेगांतून टोमॅटो, तांदळी आणि कुठलासा काकडीवर्गीय वेल वर आला. कुणाच्या रानातलं बी वाहत आलं असेल, देव जाणे. त्या दिवसांत घरात सगळं भिजलेलं, मन उदास, आणि ही रोपं जोमानं वाढत होती. आई रोज उठून आधी तिकडं जायची. पुराच्या पाण्यात गटारीचं पाणीही मिसळलेलं असतं, म्हणून त्यातलं काही कच्चं खाल्लं नाही. टोमॅटोची चटणी मात्र शिजवून केली.

पन्हाळ्याच्या पायथ्याचं गाव:
माझं वय झालं, मला पालेभाजीतलंच कळतं. पावसाळ्यात तांदळी, कुरडू, केना, घोळ दाराशी असतात. घोळीचा देठ तांबूस, पान जाड आणि चव आंबूस. डाळ घालून करावी. कोवळी असतानाच खुडावं, फुलोरा आला की चव जाते. नव्या मुलींना एकच सांगते, ओळख पटल्याशिवाय खुडू नका. शेणखतातून धोतराही उगवतो. त्याचं पान चुरगळलं की उग्र वास येतो. तो भाजीत जाता कामा नये, विषारी आहे.

फुलेवाडी:
वरच्या ताईंना जोडून. आपोआप आलेल्या दुधीचा तुकडा चिरतानाच जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खं फळ फेकून द्या. शिजवून तो कडूपणा जात नाही आणि तो पोटात जाणं धोक्याचं असतं. काकडी, दोडक्यालाही हेच लागू. आमच्या कुंपणावर दुधी होता, गोड निघाला, पण चाखल्याशिवाय कधी चिरला नाही.

राजारामपुरी:
आमच्याकडे मायाळू इतका माजलाय की गेट दिसत नाही. मुगाची डाळ घालून पातळ भाजी होते, मोठ्या पानांची भजीही. जांभळी फळं पिकायला लागली आहेत. कुणाला बी हवं असेल तर लवकर सांगा, नाहीतर पक्षी संपवतील. फांदीही लागते, वीतभर तोडून ओल्या मातीत खोचायची.