प्लाटून कमांडरनं हल्ल्यात नेमकं कुठे असावं?

नवा_लेफ्टनंट: पुढच्या महिन्यात पहिली प्लाटून हाती येतेय. तीस-पस्तीस जवान, तीन सेक्शन. मी पहिलीत होतो तेव्हापासून प्लाटून हवालदार वर्दीत आहेत. 'अधिकारी सगळ्यांच्या पुढे' हे मनात पक्कं बसलंय. पण प्रत्यक्ष हल्ल्यात म्हणजे नेमकं कुठे?

जुना_पायदळवाला: मीही हेच धरून चाललो होतो. रात्रीच्या सरावात पुढच्या सेक्शनवर फायर आला तसा धावत त्यांच्यात जाऊन पडलो आणि कुणी कुठे फायर करायचा ते ओरडून सांगू लागलो. ते काम सेक्शन कमांडरचं होतं आणि तो ते नीट करत होता. मागचे दोन सेक्शन हुकमाची वाट बघत वीस मिनिटं नाल्यात पडून राहिले. उजवीकडून वळसा घालायला मोकळी वाट होती. ती मला दिसलीच नाही, कारण माझं तोंड मातीत होतं.

सराव संपल्यावर हवालदारांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "सर, पुढच्या सेक्शनला आज दोन कमांडर होते. बाकीच्यांना एकही नव्हता."

तेव्हापासून मी पुढच्या सेक्शनच्या लगेच मागे राहू लागलो, रेडिओवाला हाताच्या अंतरावर. तिथून शत्रूचा फायर कुठून येतोय ते कळतं आणि मागच्यांना वळवताही येतं. दारूगोळा, जखमी, मोजदाद हे सगळं हवालदार बघतात. त्यांच्या कामात लुडबुड करू नका, पण रोज विचारा. आणि हुकूम देताना तुम्ही पडलात तर कमांड कुणाकडे, हे प्रत्येक जवानाला ठाऊक हवं. हे सांगताना पहिल्यांदा जीभ अडखळते. तरी सांगाच.

सुरुंगवाला: पायदळापुरतं पटलं. आम्हा सॅपर्सचं, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या, रस्ते मोकळे करणाऱ्या लष्करी इंजिनिअरांचं, थोडं वेगळं. एप्रिल 1948 मध्ये जम्मूतल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे सुरुंग काढायला लागले. तोफमाऱ्यात त्यांचे दोन जवान गेले, स्वतः राणेंसह पाच जखमी झाले. तरी ते थांबले नाहीत. रणगाडे पुढे जाणार की नाही हे त्या रस्त्यावरच ठरणार होतं, म्हणून राणेही तिथेच होते. परमवीर चक्र त्या कामासाठी मिळालं.

जुना_पायदळवाला: बरोबर. सगळी लढाई जिथे अडते तिथे अधिकारी हवाच. माझी चूक पुढे गेल्याची नव्हती. त्या रात्री अडलं होतं मागे, नाल्यात, आणि मी तिथे नव्हतो.

नवा_लेफ्टनंट: आणि अंधारात, रेडिओ बंद पडला तर?

जुना_पायदळवाला: धावपळ्या, म्हणजे धावत निरोप पोचवणारा. प्रत्येक सेक्शनचा एक चपळ जवान आधीच नेमा आणि त्याला दिवसाउजेडी ती जमीन पायी दाखवून आणा. मी नेमला नव्हता.