‘रॉक डस्ट लाईट स्टार’: हातानं वाजवलं म्हणून फंक सरस ठरतो का?

खर्जातला (धागाकर्ता):
जॅमिरोक्वाय या ब्रिटिश फंक (ठेका आणि बेस यांवर उभं असलेलं नाचाचं संगीत) बँडचा हा सातवा अल्बम नोव्हेंबर २०१० मध्ये आला. त्याआधीचा ‘डायनामाइट’ २००५ चा. मधल्या काळात निवडक गाण्यांचा संग्रह काढून सोनी या रेकॉर्ड कंपनीशी काडीमोड झाला, बँड मर्क्युरी कंपनीकडे गेला, आणि परतताना गायक जे केनं हा अल्बम खऱ्याखुऱ्या बँडचं काम म्हणून मांडला. अनेकांनी तेव्हा ‘जुनीच कढी’ म्हणून तो बाजूला सारला. माझ्या मते पहिल्या तीन अल्बमांनंतर (१९९३, १९९४, १९९६) या बँडचा सगळ्यात जिवंत ठेका इथेच आहे. ड्रमवर डेरिक मॅकेंझी, बेसवर पॉल टर्नर, गिटारवर रॉब हॅरिस, कीबोर्डवर मॅट जॉन्सन, तालवाद्यांवर सोला अकिंगबोला. ही माणसं एकमेकांचं ऐकून वाजवतात, आणि ते ऐकू येतं.

हे नुसतं भावुक होऊन म्हणत नाही. लय मिनिटाला ११० ठोक्यांची धरा. एका ठोक्याचे चार भाग केले की एकेक भाग साधारण १३६ मिलिसेकंदांचा. त्यात बेसचा आघात आठ-दहा मिलिसेकंद मागे पडला तर कान त्याला चूक म्हणत नाही, वजन म्हणतो. हाय-हॅट (पायानं मिटणाऱ्या झांजा) वेळेवर, स्नेअर (खणखणीत ड्रम) जरा रेलून, बेस किकला (पायानं वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला) चिकटलेला, ही वाटणी वाजवताना होते. संगणकावर माउसनं आघात सरकवून ती आणायला गेलात तर एक आवर्तन जमतं, पुढचं लंगडतं. कारण माणूस प्रत्येक फिलनंतर (ड्रमच्या भरणीनंतर) समेवर थोडा वेगळा उतरतो.

आणि सूर सुरू कधी होतो यापेक्षा तो बंद कधी होतो, यावर फंकचा बेस उभा असतो. डाव्या हाताचं बोट तारेवरून पूर्ण न उचलता नुसता दाब काढायचा. तो किती लवकर काढायचा, हे स्नेअर ऐकून ठरतं.

ओडिसीवाला:
कान चांगला आहे, निष्कर्ष चुकलाय. हातानं वाजवलेलं म्हणजे अस्सल फंक, हा समज मागाहून चिकटवलेला आहे. हर्बी हॅनकॉकच्या ‘कमेलियन’चा (१९७३) तो सगळ्यांना पाठ असलेला बेस आर्प ओडिसी या सिंथवरचा (विजेनं सूर तयार करणाऱ्या कीबोर्डवरचा). पार्लमेंट या फंक बँडच्या ‘फ्लॅश लाईट’चा बेस बर्नी वॉरेलनं मिनीमूग सिंथवर वाजवला, बूट्सी कॉलिन्ससारखा बेसवाला घरात असताना! स्लाय स्टोननं १९७१ मध्येच ‘फॅमिली अफेअर’खाली ताल देणारं यंत्र घातलं. फंकवाले हाताला येईल ते नवं यंत्र वापरत होते. जुन्या वाद्यांचं सोवळं पाळायला लागले ते नंतरचे लोक.

शिवाय या ‘खऱ्या बँडच्या’ अल्बमातून पहिलं सिंगल (सुटं काढलेलं गाणं) कोणतं काढलं? ‘व्हाइट नकल राइड’. अख्ख्या अल्बमात सगळ्यात सिंथ-डिस्को वळणाचं गाणं. कंपनीलाही कळत होतं की नाचायला काय लागतं.

टेपचा_वास:
ओडिसीवाला, तुम्ही दिलेली तीनपैकी दोन उदाहरणं तुमच्यावरच उलटतात. ओडिसी काय, मिनीमूग काय, विजेवर चालतात हे खरं, पण ते बेस हातानंच वाजवलेत. वॉरेल एक सूर दाबून ठेवून दुसऱ्यावर कसा घसरतो ते ऐका. सीक्वेन्सर (सूर आपोआप वाजवणारं यंत्र) तसं स्वतःहून करत नाही. वाद्य लाकडाचं की ट्रान्झिस्टरचं, हा वाद कुणी घातलाच नव्हता. वाजवणारा आहे की नाही, एवढाच प्रश्न.

स्लायचं उदाहरण मात्र पक्कं आहे, तेवढं मान्य. तरी तिथेही यंत्राचा ठेका अढळ आहे म्हणूनच वरचा बेस आणि गिटार इतके सैल राहू शकतात. तबलजीनं ठेका धरून ठेवला की गवय्याला मोकळीक मिळते, तसंच.

फेडरवाला:
दोन्ही बाजू ‘लाईव्ह’ हा शब्द फार मोघम वापरताहेत. स्टुडिओत त्याचा अर्थ काय होतो ते सांगतो.

पाच जण एका खोलीत बसवले की प्रत्येकाचा आवाज प्रत्येकाच्या माईकमध्ये शिरतो. ड्रमच्या डोक्यावरचे दोन माईक सगळ्यात लबाड, त्यांना सगळंच ऐकू येतं. बेसचा अँप तीन मीटरवर असेल तर तो आवाज त्या माईकपर्यंत पोचायला सुमारे ९ मिलिसेकंद घेतो. म्हणजे खर्जातला ज्याला वजन म्हणतात, तेवढा उशीर नुसत्या खोलीच्या आकारानंही होतो! थेट तारेतून घेतलेला बेस आणि माईकमधून उशिरा आलेला बेस एकत्र झाले की काही कंपनं एकमेकांना खातात आणि खर्ज पोकळ होतो. यावर पहिला उपाय म्हणजे बेसचा अँप दुसऱ्या खोलीत टाकायचा आणि वादकाला हेडफोन द्यायचा. अँप खोलीतच हवा असेल तर माईक वाद्यापासून जितका लांब, त्याच्या तिप्पट तरी अंतर पुढच्या माईकपर्यंत ठेवायचं. स्नेअरला वरून आणि खालून असे दोन माईक असतील तर खालच्याची पोलॅरिटी (लहरीची दिशा) उलटवायची. ते विसरलात तर स्नेअर पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजतो.

मोठी अडचण नंतर येते. तिसऱ्या कडव्यात बेसचा एक सूर चुकला, तो सुधारून वाजवला, तरी जुना चुकलेला सूर ड्रमच्या माईकमध्ये भुतासारखा राहतोच. म्हणून मग अख्खा टेक (एका दमातलं वादन) पुन्हा, किंवा दोन टेक कापून जोडायचे. क्लिक (हेडफोनमधली लय देणारी टिकटिक) न लावता वाजवलं असेल तर जोडाच्या जागी लय उडी मारते. यामुळे बहुतेक ठिकाणी तडजोड होते: ड्रम, बेस, एक गिटार आणि कीबोर्ड एकत्र, गाणं फक्त दिशा दाखवण्यापुरतं, आणि ब्रास (ट्रम्पेट-ट्रम्बोनसारखी फुंकवाद्यं), कोरस, खरं गायन सगळं मागाहून वेगळं. त्यालाही लाईव्हच म्हणतात. तेव्हा या अल्बमवर किती टक्के काय, हे नुसतं वेष्टणावरून ठरवू नका.

खर्जातला:
फेडरवाला, माहिती उत्तम. पण तुमचे ९ मिलिसेकंद आणि माझे ९ एक नाहीत. खोलीचा उशीर गाणंभर तेवढाच राहतो. वादकाचा उशीर कडव्यात वेगळा, ध्रुवपदात वेगळा. ठेका त्या बदलात असतो.

गोव्याचो_ट्रम्बोन:
एक अवांतर. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत गोव्याचे वादक समोरचं नोटेशन वाचून अख्खा वाद्यवृंद एका दमात वाजवायचे. एक ट्रम्पेट फसली की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा ते कुणी ‘लाईव्ह’ म्हणून विकलं नाही, कारण दुसरा मार्गच नव्हता. आज तीच गोष्ट जाहिरातीत येते. मला त्यात वावगं वाटत नाही, पण तिला गुण म्हणायच्या आधी जरा थांबा.

आता ब्रासचं. एक ट्रम्पेट, एक टेनर सॅक्स आणि एक ट्रम्बोन असे तिघे एकदा वाजवतात, मग त्याच ओळी पुन्हा वाजवून पहिल्यावर चढवतात. तीनाचे सहा झाले की आवाज रुंद होतो, पण फुंकेचा पहिला फटका बोथट होतो, कारण दोन वेळचे आघात तंतोतंत जुळत नाहीत. फंकमध्ये ब्रासचं काम तो फटका हेच. मऊ, लांबट ओळींना दुप्पट करणं शोभतं, तुटक ठोक्यांना तिघेच बरे. या अल्बमात ‘स्मोक अँड मिरर्स’चा ब्रास मला आवडतो, पण तो चांगला आहे तो मांडणीमुळे.

नॉब_फिरवणारी:
ओडिसीवाला यांच्या बाजूनं. खऱ्या वाद्यांचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा ती सांभाळून बघावीत. क्लॅव्हिनेट डी-६ हा तारांचा विजेवरचा कीबोर्ड घ्या, फंकचं लाडकं. साठ पट्ट्या, प्रत्येकीखाली रबराचं इवलंसं टोक, ते तार खालच्या धातूवर दाबतं. हे रबर जुनं झालं की वितळून गुळासारखं चिकट होतं, पट्टी सोडली तरी तार सुटत नाही, आणि जो तुटक आवाज हवा तोच मरतो. साठही टोकं बदलायची, तारांवरचा चिकटा पुसायचा, मग पुन्हा सुरात लावायचं. ऱ्होड्स या विजेवरच्या पियानोत धातूची काडी पिकअपच्या (कंपनं टिपणाऱ्या चुंबकाच्या) अगदी समोर आली तर वरच्या सप्तकाची झाक वाढते, थोडी वर-खाली सरकवली की मूळ सूर गोल होतो. जवळ नेली की गुरगुरते, लांब नेली की गोडवा येतो पण आवाज बसतो. असे ७३ स्क्रू.

हे सगळं करून शेवटी मिक्समध्ये त्यावर कॉम्प्रेसर (आवाजाचा चढ-उतार कमी करणारं यंत्र) दाबला की ऐकणाऱ्याला फरक कितीसा उरतो? माझ्या कानाला या अल्बमाचं शेवटचं काम फार गुळगुळीत आहे. स्नेअरचं टोक छाटल्यासारखं वाटतं. हातानं वाजवून कमावलेला चढ-उतार पॉलिश करताना गमावलाय. मग तर यंत्रच परवडलं.

टेपचा_वास:
छाटण्याबद्दल +१. तो दोष मिक्सचा, वादकांचा नव्हे.

याउलट ब्रुकलिनच्या डॅप-किंग्ज या फंक-सोल बँडचं बघा. त्यांनी आठ ट्रॅकच्या टेपवर काम केलं. आठच ट्रॅक म्हटल्यावर ड्रमला एक-दोनच मिळणार. मग किक आणि स्नेअरचं प्रमाण मागाहून बदलता येत नाही, तिथल्या तिथे ठरवावं लागतं. स्नेअर मोठा वाटला तर वादकाला सांगायचं, ‘हलक्या हातानं मार’. त्यातून आवाजाला तो घट्टपणा येतो. २०१० च्या जॅमिरोक्वायला अशी सक्ती नव्हती, आणि हवे तेवढे ट्रॅक असले की प्रत्येक जागा भरण्याचा मोह होतो. या अल्बमात ‘गुडबाय टू माय डान्सर’ मला उजवं वाटतं, कारण तिथे मोकळी जागा सोडलीय.

ओडिसीवाला:
म्हणजे शेवटी मांडणीवरच आलात की! डाफ्ट पंक या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या जोडीनं २०१३ च्या ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’मध्ये ड्रमवाला ओमर हकीम, बेसवाला नेथन ईस्ट, गिटारवाला नाईल रॉजर्स यांच्याकडून वाजवून घेतलं, टेपवर आणि संगणकावर एकाच वेळी मुद्रित केलं, आणि मग त्यातले तुकडे निवडून जोडले. हात माणसाचे, विचार यंत्रवाल्यांचा. त्यातलं ‘गेट लकी’ ११६ च्या लयीत खिळ्यासारखं ठोकलेलं आहे, तरी नाचवतं. खर्जातला यांच्या तर्कानं ते मेलेलं असायला हवं.

आणि जॅमिरोक्वायनं स्वतः पुढे काय केलं? २०१७ चा ‘ऑटोमॅटन’ पुन्हा सिंथवर. ‘खरा बँड’ हा त्यांचा धर्म नव्हता, एका अल्बमापुरतं व्रत होतं.

खर्जातला:
‘गेट लकी’ मेलेलं नाही, कारण त्या खिळ्यावर रॉजर्सचा उजवा हात सैल आहे. क्लिक माझा शत्रू नाही. क्लिकवर सगळे चिकटवून बसवणं हा शत्रू.

‘रॉक डस्ट’मधली दोन-तीन गाणी रचना म्हणून फिकी आहेत, ते कबूल. ‘हर्टिन’ तर मला रॉक गिटारच्या हव्यासापायी भरकटलेलं वाटतं. पण फिकं गाणं उत्तम वाजवलेलं असू शकतं.

फेडरवाला:
वाद मोजून मिटत नाही, पण निदान अंदाज बांधता येतो. दोन चाचण्या.

पहिली लयीची. गाणं संगणकावर घ्या, पहिला ठोका आणि ६४ आवर्तनांनंतरचा ठोका यांच्यावर खूण करा. चार ठोक्यांचं आवर्तन धरून ११० च्या लयीत मधलं अंतर १३९.६ सेकंद यायला हवं. वादक हळूहळू ११०.५ वर सरकून तिथेच राहिले तर सुमारे ०.६ सेकंदापर्यंत फरक दिसेल. क्लिक असेल तर ठोके मागे-पुढे डोलतील, पण फरक साचत जाणार नाही. मात्र फरक साचला नाही म्हणजे यंत्र, असं नव्हे. क्लिक ऐकूनही पाच जण एकत्र वाजवू शकतात.

दुसरी गळतीची (एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरण्याची). डावी आणि उजवी वाहिनी वेगळी करा, एकीची पोलॅरिटी उलटवा, दोन्ही एकत्र करून ऐका. मधोमध ठेवलेले किक, बेस आणि गायन बरंचसं नाहीसं होतं. उरतात कडेची वाद्यं आणि ड्रमच्या वरचे माईक. त्या उरलेल्यात झांजांमागे बेसची पुसट, खोलीतली गुणगुण आली, तर तो ड्रमसोबत त्याच खोलीत होता असं मानायला जागा आहे. पण बेसवर दुहेरी वाहिनीचा इफेक्ट असेल तर तोही असाच उरतो, तेवढं सांभाळा.

नॉब_फिरवणारी:
आणि हे एमपी३ वर करू नका. दोन वाहिन्यांतला फरक तिथे काटकसरीनं साठवलेला असतो, वजाबाकी केली की बुडबुड्यांसारखा आवाज येतो आणि लोक त्यालाच खोली समजतात. सीडीवरून थेट काढा.

ओडिसीवाला:
सुरुवात ‘व्हाइट नकल राइड’पासून करा. मग बोलू.