गोल्डफिशच्या कल्ल्यातला कृमी मॉलीवर का बसत नाही? (प्रोजेक्टसाठी मदत हवी)

नमस्कार मंडळी. मी नेरुळची, एमएस्सी प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष. प्रश्न लांबलाय, सांभाळून घ्या.

घरच्या टाकीत दोन गोल्डफिश, चार मॉली. ठाण्याहून आणलेला तिसरा गोल्डफिश वेगळा न ठेवता थेट आत सोडला (आईने बजावलं होतं, तो विषय नको). पंधरवड्यात जुने दोघं पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, एक गेला. कॉलेजात त्याचा कल्ला मायक्रोस्कोपखाली ठेवला तर चार काळ्या डोळ्यांचे कृमी वळवळत होते. मॅडम म्हणाल्या, डॅक्टिलोगायरस. त्याच आठवड्यात एक मॉली उडी मारून बाहेर पडून मेली. तिचे कल्ले पाहिले, एकही नाही!

पाणी तेच, मग अळीला कळतं कसं? वाचलं तर सामन माशावरच्या 'सी लाइस' या परजीवींचं सापडलं: त्यांना माशाच्या गंधातलं आयसोफोरोन हे रसायन ओढतं आणि त्यांची काही ग्राहक-जनुकं (गंध टिपणारी) दाबली तर मासा ओळखणं बिघडतं. पण ते कवचधारी, खेकडा-कोळंबीच्या गोतातले; माझा चपटा कृमी. शिवाय कदाचित तो मॉलीवर बसतही असेल, पण टिकत नसेल? हे दोन वेगळे कसे काढायचे? जनुकांच्या सिक्वेन्सिंगला पैसे नाहीत.

*

खाडीकाठ: तुझी शंकाच तुझा प्रोजेक्ट आहे. 'ओळखणं' आणि 'टिकणं' यांची सरमिसळ बरेच जण करतात. जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस हा दुसरा चपटा कृमी बघ: नॉर्वेच्या अटलांटिक सामनला तो मारतो, बाल्टिकचा सामन त्याला बराच तोंड देतो. माशाची जात एकच, कृमी बसतोही दोघांवर. फरक पुढे, प्रतिकारशक्तीत.

ओळखीचा भाग मात्र स्वस्तात तपासता येतो. ग्रॅहम कर्न या संशोधकांनी १९६७ मध्ये सोल माशावरच्या एन्टोब्डेला या चपट्या कृमीच्या अळ्यांना वेगवेगळ्या माशांचे सुटे खवले दिले. अळ्या सोलच्याच खवल्यांकडे गेल्या. सोलच्या कातडीला लावून ठेवलेल्या आगरच्या जेलीवरही चिकटल्या! म्हणजे जिवंत मासा नको, त्याच्या अंगावरच्या चिकट्यातलं (बुळबुळीत द्रवातलं) काहीतरी पुरतं. तू कृमी वेगळे काढून काचेच्या वाटीत ठेव, अंडी घालतील, काही दिवसांत अळ्या निघतील. मग गोल्डफिश आणि मॉलीच्या चिकट्याचे दोन आगरचे तुकडे, तिसरा कोरा. कोणत्या तुकड्यावर काय ते आधी सांगू नको, मैत्रिणीला मोजायला लाव. मॉलीच्या तुकड्यावरही तितक्याच बसल्या तर ओळख हे कारण नाही, टिकणं तपास. फरक दिसला तर पुढची पायरी: चिकटा उकळून बघ, प्रथिन असेल तर बहुधा असर जाईल.

टाकीवाला: उरलेल्याला प्राझिक्वांटेल (कृमींचं औषध) दिलंत का? अंड्यांवर चालत नाही, म्हणून पुन्हा द्यावं लागतं.

धागाकर्ती: दिलं, दुसरा डोस रविवारी. @खाडीकाठ, आगर म्हणजे वाशीच्या किराणात मिळतो तो चायना ग्रासच ना? की लॅबचाच हवा?

खाडीकाठ: वस्तू तीच. पण साखर, रंग घातलेलं पाकीट आणू नको.