मदत हवी आहे: क्लाउडवरचं मोठं फोल्डर अर्ध्यावरच तुटतं

नमस्कार मंडळी. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं व्हिडिओ रेकॉर्डिंग मामेभावाने क्लाउडवर टाकून लिंक दिली आहे. एकूण 38 जीबी. आजी आता नाही, त्यामुळे हे माझ्याकडे नीट उतरायलाच हवं. त्याचा प्लॅन महिनाअखेरीस संपतोय.

पूर्ण फोल्डर डाउनलोडला लावलं की तिकडे सगळ्या फाइलींची मिळून एकच झिप फाइल बनते. ती दीड-दोन जीबी येते आणि 'नेटवर्क एरर'. 'रिझ्युम' केलं तर पुन्हा शून्यापासून! झिप पाठवता पाठवताच तयार होते, ब्राउझरला तिचा एकूण आकार कळत नाही, म्हणून असं होत असावं.

मग एकेक फाइल घेतली. लहान सगळ्या आल्या. पेन ड्राइव्हवर 4 जीबीला अडकत होतं, ते फॅट32मुळे (ड्राइव्हचा जुना फॉरमॅट, 4 जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही). एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केल्यावर तो प्रश्न सुटला. आता सात मोठ्या फाइली उरल्यात, प्रत्येकी 3 ते 5 जीबी. त्या मात्र तुटतातच.

विंडोज 10 आहे, डिस्कवर 120 जीबी मोकळी. क्रोम, फायरफॉक्स, घरचं वायफाय, मोबाइलचं हॉटस्पॉट सगळं करून पाहिलं. लॅपटॉप स्लीपमध्येही जाऊ दिला नाही.

आरक्लोन (क्लाउडवरच्या फाइली उतरवायचा-चढवायचा प्रोग्राम) कुणी वापरलंय का? तुटलेली फाइल तिथूनच पुढे चालू होते का त्यात? की भावाला त्या सात फाइली लहान तुकडे करून पुन्हा चढवायला सांगू? त्याच्या गावात अपलोडचा वेग फार कमी आहे, म्हणून त्याला त्रास द्यायला जीव होत नाही. आणि उतरलेली फाइल मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का, हे कसं तपासायचं तेही सांगा.