पत्री सरकार नववीच्या मुलांना कसं सांगावं?

कृष्णाकाठ:
पलूस तालुक्यात नववीला इतिहास शिकवते. क्रांतिदिनी प्रतिसरकारवर, म्हणजे १९४२ नंतर सातारा भागात इंग्रजांविरुद्ध चाललेल्या भूमिगत सरकारवर, अर्धा तास बोलायचंय. नाना पाटील, जी. डी. बापू, ७ जून १९४३ ला शेणोलीला लुटलेली रेल्वे हे मुलांना तोंडपाठ आहे, कुंडल तर शेजारीच. अडतंय ते 'पत्री'पाशी. आमच्या पणजोबांच्या भावाला पत्री मारली होती. पाय बांधून तळव्यांवर काठ्या. पोलिसांना खबर दिल्याचा आळ होता. आजी सांगायची, पुढं ते भिंतीला धरूनच चालायचे. खबर खरंच दिली होती का, ते ती कधी बोलली नाही. आणि त्याच घराच्या माळ्यावर तुफान सेनेची, म्हणजे प्रतिसरकारच्या दलाची, पोरं लपायची, त्यांना भाकरी थापून द्यायची ती आमची पणजी. हे दोन्ही एकाच तासात सांगू का?

माणदेशी:
सांगाच. पण सुरुवात वडूजपासून करा. तिथला ९ सप्टेंबर १९४२ चा 'चले जाव'चा मोर्चा निःशस्त्र होता, तरी गोळीबार झाला, परशुराम घार्गे पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात तेच. हत्यारं त्यानंतर आली. हे गाळलंत तर मुलांना नुसत्या काठ्याच दिसतील.

जुना मास्तर:
बाई, आधी शब्द समजावा. बैल आडवा पाडून, पाय बांधून खुराला पत्री ठोकतात. ट्रॅक्टरच्या काळातल्या मुलांनी ते बघितलेलं नसणार. 'प्रति'चं 'पत्री' झालं ते यावरून. मार फक्त खबऱ्यांनाच नव्हता, दरोडेखोरांना आणि नाडणाऱ्या सावकारांनाही होता. न्यायदान मंडळं बांधाचे तंटे गावातच मिटवायची. आणि गांधीजींचं जरूर सांगा. १९४४ ला सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना प्रकट व्हायला सांगितलं, नाना १९४६ पर्यंत झाले नाहीत. तरी हेच लोक गावोगाव हुंडा-मानपान नसलेली लग्नं लावत होते, आणि त्यांना म्हणत 'गांधी विवाह'. मला हे अजून कोड्यासारखं वाटतं.

कृष्णाकाठ:
सर, आभार. नालबंदाकडून पत्र्यांची एक जोडी मागून आणलीय. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन लागतात. हातभर लांबूनही खिळ्यांची भोकं दिसतात. तीच वर्गात फिरवीन, मग वडूज, मग तळवे. पणजोबांच्या भावाचं नाव मात्र घेणार नाही. त्यांच्या घरातली मुलगी माझ्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसते.